हायड्रोजन बसला की ऑक्साइडचा रोध घटतो की वाढतो?

तुम्ही विचारलंय की एका पुस्तकात हायड्रोजनमुळे धातूच्या ऑक्साइडचा रोध कमी होतो असं दिलंय, दुसऱ्यात वाढतो असं. खरं कोणतं? दोन्ही खरी आहेत. ऑक्साइड कोणतं ते आधी बघा.

मी रबाळे एमआयडीसीत गॅस डिटेक्टर कॅलिब्रेट करतो, त्यामुळे टिन ऑक्साइडशी रोजचा संबंध. हे ऑक्साइड हवेत दोन-तीनशे अंशांवर तापवलं की ऑक्सिजन त्याच्या कणांवर येऊन बसतो आणि आतले इलेक्ट्रॉन ओढून धरतो. कणाच्या कडेला इलेक्ट्रॉनांचा दुष्काळ पडतो, रोध चढतो. हायड्रोजन आला की तो या ऑक्सिजनशी जुळून पाणी होतो, वाफ उडून जाते आणि अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात. मल्टिमीटरवर रोध धाडकन खाली येतो. म्हणजे इथे हायड्रोजन पदरचं काही घालत नाही, फक्त वसुली करून देतो. निकेल ऑक्साइडमध्ये मात्र वीज ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, वाहून नेतात. सुटलेले इलेक्ट्रॉन तेच बुजवतात, म्हणून तिथे रोध वाढतो.

निर्वात पोकळीतली गोष्ट निराळी. मला तीच जास्त आवडते. झिंक ऑक्साइडच्या एका पृष्ठभागावर अणुरूप हायड्रोजन (जोडीने नाही, सुटे अणू) सोडला, तर कमी तापमानाला प्रत्येक एकक चौकटीत, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्यात, दोन अणू बसतात. तापवल्यावर त्यातला एक निघून जातो, एक उरतो. उरलेल्याचा इलेक्ट्रॉन बिनजोडीचा, त्यामुळे एरवी वीज न वाहणारा तो पृष्ठभाग चक्क धातूसारखा वागतो! हे 2005 साली प्रसिद्ध झालं. हायड्रोजन कमी झाल्यावर वहन वाढतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एमक्यू-8, म्हणजे टिन ऑक्साइडचा हायड्रोजन सेन्सर, घेणार असाल तर एक सांगतो. पाण्याची वाफही टिन ऑक्साइडचा रोध उतरवते. जुलैत सकाळी आमच्या गाळ्याचं शटर वर केलं की खाडीकडची दमट हवा आत येते आणि हायड्रोजनचा मागमूस नसताना आकडा हळूहळू सरकू लागतो. नवीन सेन्सर आधी दिवसभर तापत ठेवा, शून्य त्यानंतर लावा. आणि हाताला सॅनिटायझर लावून त्याच्याजवळ जाऊ नका, अल्कोहोललाही तो दाद देतो.