गाडीवर लिहावं का?

"मॅडम, गाडीवर लिहावं का?" मी समुपदेशक आहे आणि हा प्रश्न हल्ली माझ्याकडे वरचेवर येतो. लिहायचं म्हणजे गाडीतल्या माणसाला कुठलं अपंगत्व आहे ते. कधी स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचे आईवडील विचारतात, कधी फिट्स येणाऱ्या मुलीचा भाऊ. अपंगत्व वरून दिसत नसलं की अपघातात, नाकाबंदीत किंवा रस्त्यावरच्या गर्दीत समोरचा माणूस स्वतःच्या समजुतीने वागतो. मूल हाकेला ओ देत नाही म्हणजे बेशुद्ध असेल, नाहीतर उर्मट असेल. साखर एकदम उतरलेला मधुमेही अडखळत बोलतो म्हणजे प्यायलेला असेल. परदेशात यासाठी गाडीच्या काचेवर किंवा सीटबेल्टवर खुणा लावतात. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात २०२० पासून स्वमग्न चालकांना एक निळा लिफाफा मिळतो. आत लायसन्स आणि गाडीची कागदपत्रं ठेवायची, बाहेर पोलिसाने कसं बोलावं याच्या सूचना छापलेल्या. तसले स्टिकर आता आपल्याकडेही ऑनलाइन मिळतात. तरी लोक ते घेऊन घरात ठेवतात आणि मला विचारायला येतात.

मुलुंडचं एक जोडपं असंच आलं. मुलगा अकरा वर्षांचा, त्याला आपण सोहम म्हणू. तो बोलत नाही. ऐरोली जंक्शनच्या आसपास हायवेवर त्यांची गाडी बंद पडली, मागून हॉर्न सुरू झाले आणि सोहमने कान दाबून किंचाळायला सुरुवात केली. वडील मागच्या सीटवर गेले आणि त्याला घट्ट धरून बसले. बाहेरून दिसलं ते भलतंच. दोन मोटरसायकलवाले थांबले. "पोरगा कुणाचा आहे?" एकाने मोबाइलवर शूटिंग चालू केलं. हवालदार आला, त्याने टॉर्च थेट सोहमच्या तोंडावर मारला. शेवटी घरातल्या बारशाचे, वाढदिवसाचे फोटो दाखवल्यावर सुटका झाली.

दुसऱ्याच दिवशी वडिलांनी भलामोठा पिवळा स्टिकर मागवला. आईने तो साड्यांच्या कपाटात टाकला.

"याला सगळ्या जगाला ओरडून सांगायचंय," ती म्हणाली.

"आणि हिला जगापासून लपवायचंय," तो म्हणाला.

मी तिला विचारलं, "स्टिकर लावला तर नेमकं कुणाला कळेल?"

"सोसायटीत सगळ्यांना. गाडी गेटपाशीच असते."

"आत्ता कुणाकुणाला माहीत नाही?"

ती बोटांवर मोजायला लागली. वॉचमनला माहीत होतं. इस्त्रीवाल्याला, समोरच्या जोशीकाकूंना, सेक्रेटरीला माहीत होतं. बोटं तिथेच थांबली. "तसं सगळ्यांनाच माहीत आहे," ती म्हणाली आणि रडण्याऐवजी हसली.

मग वडिलांकडे वळले. "स्टिकर असता तर त्या रात्री काय झालं असतं?"

"कुणी संशय घेतला नसता."

"ज्याने शूटिंग केलं त्याने आधी मागची काच वाचली असती?"

ते गप्प.

माझा कल माणसाच्या भावनेमागचा विचार तपासण्याकडे आहे. ज्यांना हे कोरडं वाटतं त्यांना वाटो. इथे दोघांच्या मनात एकेक हट्ट बसला होता. तिचा हट्ट असा की कुणाला काही कळताच कामा नये, आणि त्याचा असा की सगळ्यांना कळून सगळ्यांनी नीटच वागलं पाहिजे. दोन्ही हट्ट जगाकडून हमी मागत होते. जग अशी हमी देत नाही, मुंबई तर नाहीच. माझ्याकडून जोडप्यांची सगळी भांडणं मिटून जातात असा माझा दावा नाही. पण भांडण नक्की कशावरून आहे हे त्यांना कळावं, एवढं मला बऱ्यापैकी साधतं.

एका भेटीत मी वडिलांना म्हटलं, "तुम्ही सोहम व्हा." आईला दाराबाहेर उभं केलं. तिने फायर ब्रिगेडचा जवान व्हायचं, गाडीतल्या मुलाबद्दल तिला काहीही माहीत नाही. वडील खुर्चीत कान दाबून, पुढेमागे डोलत बसले. मुलाचं डोलणं त्यांना इतकं तंतोतंत येत होतं की मीच जरा हलले. ती आत आली. "बाळा, नाव काय तुझं?" उत्तर नाही. "घाबरू नको, चल." तिने मनगट धरलं. त्यांनी हात हिसडला, तिने अजून जोरात धरला, आणि ते खुर्चीतून उठून सरळ दाराकडे पळाले.

ती मनगटाच्या आकारात मूठ तशीच धरून उभी राहिली. "हायवेवर असता तर ट्रकखाली गेला असता," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "हात लावायच्या आधी मला कुणीतरी सांगायला हवं होतं."

"काय सांगायला हवं होतं? स्वमग्न आहे, असं?"

"त्याने मला काय कळणार? दार उघडलं की पळतो, हे सांगायला हवं होतं."

मी कागद पुढे केला. त्यानंतरचा अर्धा तास मी जवळजवळ काही बोलले नाही. कोणत्याही समुपदेशकाला असा अर्धा तास क्वचित मिळतो. दोघांनी खाडाखोड करत लिहिलं: "मी बोलत नाही. सायरन आणि टॉर्चला घाबरतो. हात धरण्याआधी तुमचा हात दाखवा. दार उघडलं की पळतो. डब्याचं झाकण हातात द्या, शांत होतो." 'स्वमग्न' हा शब्द त्यांनी शेवटी बारीक अक्षरात घातला. स्टिकर सोहम कोण आहे हे सांगत होता. या ओळी समोरच्याने काय करायचं ते सांगत होत्या, आणि आईला लाज वाटण्यासारखं त्यांत काहीच उरलं नव्हतं.

आता हे लावायचं कुठे? मागची आणि बाजूची काच टफन्ड असते. जोरात आदळली की तिचे बारीक तुकडे होतात आणि स्टिकर त्यांच्याबरोबर जातो. (समोरची काच तडकली तरी जागेवर राहते, पण चालकाच्या नजरेच्या आड येईल असं तिथे काही लावू नये.) म्हणून मी सीटबेल्टचं कव्हर सुचवते. मुलाला सोडवायला जो वाकेल, त्याच्या डोळ्यांसमोर ते येतंच. पार्किंगमधून जाणाऱ्याला दिसतही नाही. सोहमच्या आजीने जुन्या जीन्सचं कव्हर शिवलं, वेल्क्रो लावून. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, आणि झाकण अडकवायला एक बंद.

बाहेरून खूण लावायचीच असेल तर चुंबकाची लावा आणि मूल गाडीत नसेल तेव्हा काढून ठेवा. नाहीतर मदतीला आलेला माणूस नसलेल्या मुलाला शोधत बसेल. बाहेर मुलाचं नाव कधीही लिहू नका. नावाने हाक मारणारा परका माणूस मुलाला ओळखीचा वाटू शकतो. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर आपत्कालीन माहिती आणि दोन नंबर भरून ठेवा. स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आहे, तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढा आणि त्याची प्रत गाडीच्या कागदांत ठेवा. गर्दीत मुलाला काय आहे हे सांगायला ती फोटोंपेक्षा लवकर उपयोगी पडते. फिट्स येणाऱ्यांच्या ओळी वेगळ्या: दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. कांदा आणि चप्पल हुंगवू नका हेही लिहा, आपल्याकडे ते लिहावंच लागतं.

मुलाचीही तयारी हवी. १९४४ साली मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, त्यात गेलेल्या अग्निशामकांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल पाळतात आणि पुढे आठवडाभर अग्निसुरक्षेचे कार्यक्रम होतात. त्या दिवसांत सोहमच्या वडिलांनी त्याला लांबून बंब दाखवला, मग हेल्मेट घातलेला माणूस जवळून दाखवला. सायरन वाजवू नका, अशी विनंती आधीच केली होती.

मूल मोठं झालं असेल तर निर्णय त्याचा. कमी ऐकू येणाऱ्या एका मुलीच्या स्कूटरवर वडिलांनी न विचारता स्टिकर चिकटवला होता. तिने तो नखांनी खरवडून काढला. नंतर तिने स्वतःच लायसन्सच्या पाकिटात एक कार्ड ठेवलं: "मला कमी ऐकू येतं, समोर येऊन बोला." वडिलांना ते पुरेसं वाटत नाही. ती काळजी त्यांची आहे, त्या काळजीसाठी ते स्वतंत्रपणे माझ्याकडे येतात.

भांडुपच्या एका आईने विचारलं, "आमच्याकडे गाडीच नाही. रिक्षात कुठला आलाय सीटबेल्ट?" मुंबईतल्या बहुतेक घरांचा प्रश्न हाच आहे. त्याच ओळी तिने मुलाच्या दप्तराच्या पट्ट्यावर, छातीकडच्या बाजूला शिवून घेतल्या. लोकलमध्ये दप्तर पुढे घेतात, तेव्हा पट्टा पाठीवर जातो हे तिच्या लक्षात आलं. म्हणून एक कापड दप्तराच्या मागच्या बाजूलाही शिवलं.