देणगीतून कुपोषित मुलांसाठी शेंगदाणा-पेस्टची पाकिटं वाटावीत का? (दापोलीजवळची वाडी)

सरसकट वाटू नका. आधी अंगणवाडीताईंकडून दंडघेर मोजून घ्या. ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी असेल तर ते तीव्र कुपोषित; पाकिटं अशाच मुलांसाठी. दोन्ही पायांवर सूज असेल किंवा पाकीट खाववत नसेल, तर थेट पोषण पुनर्वसन केंद्रात (कुपोषित मुलांना दाखल करून उपचार करतात तिथे) न्या; घरी प्रयोग नकोत.

एका पाकिटात ९२ ग्रॅम, साधारण ५०० कॅलरी. सात किलोच्या मुलाला रोज तीन, सात आठवडे. म्हणजे दीडशेच्या आसपास. देणगीचा हिशेब पूर्ण उपचाराचा धरा, अर्धवट पुरवठा नको.

बिघडतं बहुधा घरात: भावंडं वाटून खातात, किंवा आजी नाचणीची पेज आधी भरवते नि पोट भरतं. आधी अंगावरचं दूध, मग पाकीट, सोबत उकळून गार केलेलं पाणी.