सही नंतर, यादी आधी

न्यू जर्सीहून आलेलं तुझं पत्र दोनदा वाचलं. बाबा जाऊन आठ महिने झाले, तिकीट मिळेपर्यंत उशीर झाला आणि अंत्यदर्शन फोनच्या स्क्रीनवर घ्यावं लागलं. माझ्या वडिलांच्या वेळी माझंही असंच झालं होतं, त्यामुळे त्यावर तुला काही समजावत बसत नाही.

पण पुढचा भाग वाचून मात्र तुला रागावणार आहे. तू लिहितेस, "दादाने हक्कसोडपत्राचा ड्राफ्ट पाठवलाय, सोबत त्याच्या मेव्हण्याच्या नावाने पॉवर ऑफ अटर्नी (माझ्या वतीने सही करायचा अधिकार), म्हणाला फक्त फॉर्मॅलिटी आहे, अपॉस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र) करून कुरियर कर. बाबांचं नक्की काय काय होतं ते मला माहीत नाही, पण विचारलं तर त्याला वाटेल मी पैशाच्या मागे आहे."

अगं, काय सोडतेयस तेच माहीत नाही आणि सोडायला निघालीस? हक्कसोडपत्र एकदा रजिस्टर झालं की ते मागे घेणं जवळपास अशक्य असतं, कोर्टात फसवणूक सिद्ध करत बसावं लागतं, तेही सुट्ट्या टाकून सातासमुद्रापलीकडून. तुला हिस्सा नको असेल तर खुशाल सोड, तो तुझा प्रश्न आहे, पण आधी यादी माग. मी सगळ्यांना हेच सांगते आणि सांगत राहणार.

बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं असं तू म्हणतेस. मग १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बाबांच्या स्वतःच्या कमाईच्या फ्लॅटमध्ये आई, दादा आणि तू असे तिघांचे सारखे हिस्से (आजी हयात असतील तर त्यांचाही). गावची जमीन वडिलोपार्जित असेल आणि आधीच रीतसर वाटप झालेलं नसेल तर २००५ च्या दुरुस्तीने तू तिथे जन्मानेच मुलाच्या बरोबरीची हक्कदार, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ते स्पष्टच केलंय. मृत्युपत्र असतं आणि ते अमलात आणणाऱ्या एक्झिक्युटरने प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) घेतलं असतं तर त्याला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यावा लागला असता. म्हणजे जे परक्या माणसालाही कायदा करायला लावतो ते सख्ख्या भावाला विचारताना तुला लाज वाटतेय.

माझे वडील २०११ मध्ये गेले तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. पण माझ्या मोठ्या भावाने स्वतःहून एक वही केली, एफडी, पीपीएफ, शेअर्स, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, लॉकर, शेताचे गट नंबर, आणि दुसऱ्या बाजूला देणी. त्यात दिसलं की हॉस्पिटलचं शेवटचं बिल त्याने स्वतःच्या खिशातून भरलं होतं आणि मला कधी बोललाही नव्हता. मीच म्हटलं, आधी ते तुझे वळते कर, मग बाकीचं बघू. देणी आधी आणि वाटणी नंतर हा नियमच आहे. मग गावच्या घरातला माझा हिस्सा मी आनंदाने सोडला, आजही मी गेले की माझी खोली झाडून ठेवलेली असते. उलट माझ्या सासूबाईंची धाकटी बहीण, कॅनडात असते, तिने न वाचता सही केली, आणि रस्त्यालगतची जमीनही त्यात होती हे तिला ती विकली गेल्यावर कळलं. बहीणभाऊ अजून बोलत नाहीत. तिला पैशाचं दुःख नाहीये गं, आपल्याला सांगितलं नाही याचं आहे.

आणि दादाची दोन वाक्यं तू सहज लिहून गेलीस, मला ती खटकली. "एफडीला नॉमिनी मीच आहे, त्यामुळे ती माझीच." नाही. बँक नॉमिनीला पैसे देते ते वारसांच्या वतीने सांभाळायला, शेअर्सबद्दलही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. (इन्शुरन्समध्ये २०१५ पासून नॉमिनी जवळचा नातेवाईक असेल तर नियम वेगळा आहे, ते पॉलिसी बघून ठरव.) दुसरं, "बाबांची पॉवर ऑफ अटर्नी माझ्याकडे आहेच." ती बाबांबरोबरच संपली. त्यानंतर त्या कागदावर काही व्यवहार झाले असतील तर तारखा विचार. दादा लबाड आहे असं मी म्हणत नाहीये, बहुतेक वेळा माणसांना माहीतच नसतं. सातबारा महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर ऑनलाइन बघता येतो, गट नंबर मिळाला की झालं, आज रात्रीच बघ.

तुझे बाकीचे प्रश्न पटकन. अमेरिकन नागरिकत्वाने वारसाहक्क जात नाही, शेतजमीन विकत घेता येत नसली तरी वारशाने मिळते. पैसे एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातल्या पैशासाठीचं बँक खातं) वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, कागद सीए बघेल. टॅक्सचं तिथल्या अकाउंटंटला विचार.

पण एक विचारायचं राहिलं तुझ्याकडून, आईचं काय? ड्राफ्टमध्ये फक्त दादाचं नाव आहे असं तूच लिहिलंयस. आईनेही सही केली का? केली असेल तर ज्या घरात ती राहतेय त्यात तिचं नाव उरतंय का? हे मला तुझ्या हिश्श्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

तेव्हा पॉवर ऑफ अटर्नी थांबव आणि दादाला आज एवढंच पाठव, "दादा, बाबांचं काय काय होतं, कोणाचं देणं आहे आणि तू किती खर्च केलास ते सगळं एका कागदावर लिहून आईला आणि मला पाठव, मग रविवारी तिघं कॉलवर बसू." आईला कॉलवर नक्की घे, आणि ती काय म्हणाली ते मला तिच्याच शब्दांत कळव.