दुर्बीण नको, आधी अंधार हवा

प्रश्न : ताई, पहिल्यांदाच एक रात्र उघड्या माळावर तारे बघत काढायची आहे. दुर्बीण घेऊ का?

उत्तर : पहिल्या रात्री नकोच. अमावास्येच्या आसपासचा दिवस निवडा आणि डोळ्यांना वेळ द्या. अंधाराला सरावायला त्यांना २० ते ३० मिनिटं लागतात. मोबाइलचा पडदा एकदा जरी लखकन उजळला, तरी सगळं पहिल्यापासून. म्हणून मी टॉर्चवर लाल जिलेटिन कागद रबरबँडनं बांधते. मंद लाल उजेडानं डोळे फारसे बिघडत नाहीत.

आणखी एक गंमत करून बघाच. फिकट दिसणाऱ्या गोष्टीकडे थेट न बघता जरा बाजूला बघा. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी नजरेच्या ऐन मध्यावर नसतात, कडेला असतात. मला देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दूरचा प्रचंड समूह, अशीच दिसली. टक लावली की गायब, नजर सरकवली की पुसट धुरकट ठिपका हजर! तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षं प्रवास करून आला होता. मी कितीतरी वेळ तशीच पडून राहिले.

पांघरूण एक वेळ कमी चालेल, पण खाली जाड चटई हवीच, कारण जमीन अंगातली ऊब ओढून घेते. माझी पहिली रात्र त्यापायीच कुडकुडत गेली. पहाटे दव पडतं, वही पिशवीत ठेवा. जागा मात्र दिवसाउजेडी पायाखालून घाला. आणि एकट्यानं जाऊ नका.