आधी तीन पोलरायझर, मग वास्तवाचा वाद

क्वांटम सिद्धांत (प्रकाश आणि अणूंच्या सूक्ष्म जगाचं भौतिकशास्त्र) वास्तवाबद्दल काय सांगतो हे समजून घ्यायचं, तर 'कुणी बघत नसताना चंद्र असतो का?' इथून सुरुवात करू नकोस. आधी रेषीय पोलरायझरचे, म्हणजे एकाच सरळ दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या फिल्मचे, तीन तुकडे आण. थ्रीडी सिनेमाचे चष्मे नकोत. ते बहुतेक वर्तुळाकार ध्रुवणाचे (कंपनाची दिशा गोल फिरत राहणाऱ्या प्रकाशासाठीचे) असतात; त्यांनी नीट काळोख होत नाही आणि आपलंच चुकतंय असं वाटत राहतं.

संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर बस. पिवळ्या दिव्याकडे दोन तुकडे एकामागे एक, एकमेकांशी ९० अंशांत धर: जवळपास अंधार. तिसरा ४५ अंशांत मधे सरकव, दिवा पुन्हा दिसतो. आदर्श तुकड्यांतून मूळ प्रकाशाचा १/८ भाग येतो. तिसरा मधेच हवा, पुढे-मागे धरून काही होणार नाही. एवढं मात्र साध्या प्रकाशलहरींनीही उलगडतं. खरा पेच एकेकट्या फोटॉनचा, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाचा. तो अर्धा जात नाही. अख्खा जातो, नाहीतर अडतो.

निकाल आधीच ठरलेला असतो का? भौतिकशास्त्रज्ञ बोमच्या १९५२च्या मांडणीत हो. भौतिकशास्त्रज्ञ एव्हरेटच्या १९५७च्या मांडणीत जाणं आणि अडणं दोन्ही घडतं. गणिताचं उत्तर दोघांचं सारखंच, त्यामुळे हा प्रयोग त्यांच्यात निवाडा करत नाही.

मग भौतिकशास्त्रज्ञ बेलचं १९६४चं काम घे, त्याच्या १९६९च्या CHSH या रूपात: एकमेकांशी गुंतलेल्या दोन फोटॉनांपैकी एक एका बाजूच्या पोलरायझरकडे जातो, दुसरा दुसऱ्या बाजूच्या. एका बाजूला ०, ४५ आणि दुसऱ्या बाजूला २२.५, ६७.५ अंश घेऊन चारही जोड्यांत निकाल किती जुळतात त्यांची बेरीज (० आणि ६७.५ची जोडी वजा धरून) वहीत स्वतः कर. स्थानिक (एका बाजूच्या मोजणीचा दुसऱ्या बाजूवर तात्काळ परिणाम नाही), पूर्वनिश्चित उत्तरांना २ची मर्यादा, क्वांटम २.८३पर्यंत जातं. बोम इथे पडत नाही, कारण त्याने स्थानिकता आधीच सोडली आहे. घाईत इथेच बहुतेकांची गल्लत होते.