बालवाडीची फी आणि तुमची नोकरी

प्रश्न: आम्ही वारज्यात राहतो. यजमान चाकणला कंपनीत आहेत, हातात ६२,००० रुपये येतात. घराचा हप्ता २४,०००, एसआयपी १०,०००, बँकेत दीड लाखाची ठेव. लेक जूनमध्ये तीन वर्षांची होईल. बाणेरच्या एका प्री-स्कूलची फी वर्षाला १,४५,०००, व्हॅनचे २५,००० आणि प्रवेशाचे एकदाच ३०,०००. पुढे त्यांच्याच मोठ्या शाळेत पहिलीला प्राधान्य मिळतं, तिथली फी आज १,८०,००० आहे. घराजवळच्या बालवाडीची फी वर्षाला ३२,०००. लहानपणी केलेला खर्च पुढे कित्येक पटींनी परत मिळतो, असं प्री-स्कूलवाल्यांनी सांगितलं. एसआयपी थांबवून, ठेव मोडून बाणेरला घालावं का? मी लेकीसाठी अकाउंट्सची नोकरी सोडली. परत ३०,०००ची मिळेल, पण सासूबाईंचे गुडघे दुखतात, दिवसभर सांभाळणं त्यांना झेपत नाही.

उत्तर:

ताई, एसआयपी चालू ठेवा, ठेवीला हात लावू नका आणि लेकीला घराजवळच्या बालवाडीत घाला. नोकरीचं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, पण पुढच्या तीन वर्षांच्या हिशेबात सर्वांत मोठी रक्कम तीच आहे. तिच्याकडे येतोच.

आधी ते ‘कित्येक पटींनी परत’. हे वाक्य हवेतून आलेलं नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात १९६२ ते ६७ या काळात गरीब घरांतल्या १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या ५८ मुलांना रोज अडीच तासांची बालवाडी मिळाली, बाकीच्यांना मिळाली नाही. ती मुलं चाळिशीची होईपर्यंत आणि त्यानंतरही त्यांची माहिती ठेवली गेली. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले जेम्स हेकमन यांनी त्यावरून वर्षाला ७ ते १० टक्के परतावा काढला. आकडा खरा आहे, पण तो कोणाच्या खिशात गेला हे बघायला हवं. त्यातला मोठा भाग गुन्हे कमी झाल्यामुळे समाजाचा जो खर्च वाचला, त्याचा होता. आईबापांना मिळालेलं ते व्याज नव्हे. शिवाय तुलना होती बालवाडी मिळालेली मुलं आणि अजिबात न मिळालेली मुलं यांची. जवळपास दीड लाखाची बालवाडी आणि बत्तीस हजारांची बालवाडी यांची तुलना त्या प्रयोगात कुठेच नाही. तुम्हाला तर नेमकं तेच ठरवायचंय.

त्या प्रयोगात शिक्षिका दर आठवड्याला दीड तास मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत, हे कोणी सांगत नाही. जमैकातला प्रयोग मला याहून बोलका वाटतो. १९८६-८७मध्ये किंग्स्टनमधल्या वाढ खुंटलेल्या १२९ मुलांपैकी काहींच्या घरी आठवड्यातून एकदा, तासभर, एक आरोग्यसेविका जायची. मुलाशी कसं खेळायचं, काय बोलायचं, हे आईला दाखवायची. खेळणी घरात मिळेल त्यातून बनवलेली. असं दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त भरली. उलट अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात सोडतीने सरकारी बालवर्गात जागा मिळालेली मुलं सहावीपर्यंत जागा न मिळालेल्या मुलांच्या मागे पडलेली दिसली. म्हणजे नुसतं बालवाडीत नाव घालून काही होत नाही, तिथे मुलाशी कोण आणि कसं वागतं यावर सगळं ठरतं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५पासून बोर्डीत हेच करून दाखवत होत्या. पानं, बिया, शिंपले हेच त्यांचं साहित्य.

आता तुमचे पैसे. व्हॅन धरून दोन्हींतला फरक वर्षाला १,३८,००० आणि प्रवेशाचे ३०,०००, म्हणजे तीन वर्षांत ४,४४,००० रुपये. हेच पैसे त्या त्या वर्षाच्या सुरुवातीला ८ टक्क्यांनी गुंतवत गेलात, तर लेक अठराची होईल तेव्हा साधारण १३ लाख होतील. ६ टक्के महागाई धरली तर आजच्या भावात साडेपाच लाख. फार मोठी रक्कम नाही, पण पदवीच्या शिक्षणाला चांगला हातभार लागेल. तुमचं रोजचं गणित मात्र याहून अवघड आहे. हप्ता आणि एसआयपी जाऊन घरात २८,००० उरतात. बाणेरचा खर्च महिन्याला १४,२०० पडतो. एसआयपी पूर्ण थांबवली तरी चार हजार कमीच. ते ठेवीतून काढत राहणार. ती ठेव म्हणजे जेमतेम तीन महिन्यांचा घरखर्च आणि हप्ता, आणि घरात सासूबाईंच्या गुडघ्यांचं दुखणं आहे. ती मोडायची नाही.

पहिलीचं प्राधान्य ही मला सर्वांत धोक्याची गोष्ट वाटते. आजची १,८०,०००ची फी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढली तर लेक तीन वर्षांनी पहिलीत जाईल तेव्हापासून दहावीपर्यंत मिळून सुमारे ३३ लाख होतात. तीन वर्षांनी लेकीच्या मैत्रिणी तिथे, शिक्षिका ओळखीच्या, अशा वेळी तिला काढणं तुम्हाला जमेल का? मला नाही वाटत जमेल. म्हणून तुम्ही आज तीन वर्षांचा नव्हे, तेरा वर्षांचा खर्च ठरवताय असं समजा.

आता नोकरी. ३०,००० पगारातून पाळणाघराचे महिन्याला ७,००० आणि जाण्यायेण्याचे २,००० वजा केले तरी २१,००० उरतात. वर्षाला अडीच लाख, तीन वर्षांत साडेसात लाख, पीएफ वेगळा. खंड जितका लांबेल तितकं परत शिरणं कठीण होतं आणि पगार आधीपेक्षा कमी मिळतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. बालवाडी तीनच तासांची असते, म्हणून अशी निवडा की तिथूनच पाळणाघराच्या ताई मुलीला घेऊन जातील. सासूबाईंना संध्याकाळचा तास-दीड तास द्या, गोष्टी सांगायला. तेवढं गुडघे दुखत असले तरी जमतं, आणि जमैकाच्या त्या तासाच्या जवळ जाणारं तेच आहे. नोकरी करायची की नाही हा निर्णय तुमचाच. मी फक्त तिची किंमत मांडतोय. मनातून घरीच राहायचं असेल तरी बाणेरला घालू नका.

करसवलतीची आशा धरू नका. नव्या कररचनेत फीची वजावट नाही, आणि जुन्या रचनेतली दीड लाखाची मर्यादा पीएफ आणि गृहकर्जाच्या मुद्दलातच बहुतेक भरेल.

प्रवेश घेण्याआधी त्या बालवाडीत एक सकाळ बसून या. एका ताईकडे किती मुलं आहेत ते मोजा. वीसच्या पुढे असतील तर दुसरी बघा. तीन वर्षांच्या मुलांच्या हातात पेन्सिल देऊन वही भरून घेत असतील तरीही दुसरी बघा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिलीचं वय सहा पूर्ण धरलंय, लिहायला भरपूर वेळ आहे. ताई दरवर्षी बदलतात का, रडणाऱ्या मुलाला कोण उचलून घेतं, हे जुन्या पालकांना विचारा. वारज्यात मनासारखी सापडली नाही तर कर्वेनगर, कोथरूडपर्यंत बघा. ४०-५० हजारांपर्यंतची असली तरी तुमच्या हिशेबात बसते, नोकरी सुरू झाली तर आरामात.

नोकरीचं पक्कं झालं की पहिले सहा महिने जास्तीचे पैसे ठेवीत टाका, ती तीन लाखांच्या जवळ न्या. त्यानंतर लेकीच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं उघडा. २०२४च्या जानेवारीपासून त्यावर ८.२ टक्के व्याज मिळतंय.