सुरुवात मार्कपासून करा

पहिल्यांदाच शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या जीवनाची चार पुस्तकं (मत्तय, मार्क, लूक, योहान), वाचणार असाल तर मत्तयापासून सुरुवात करू नका. तिथे आरंभीच लांबलचक वंशावळ आहे आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. मार्क घ्या. 16च अध्याय, चौघांत सर्वांत छोटं, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते सर्वांत जुनं, साधारण इ.स. 70च्या आसपासचं. एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने वाचा. त्या काळी बहुतेक लोक हे ऐकतच असत.

मग पाचव्या अध्यायाकडे परत या. याईर या सभास्थानाच्या अधिकाऱ्याची मुलगी मरणाला टेकली आहे, येशू निघालाय, आणि वाटेत एक स्त्री मागून त्याच्या वस्त्राला शिवते. बारा वर्षांचा रक्तस्राव. इकडे मुलीचं वयही बारा! एका गोष्टीच्या पोटात दुसरी ठेवायची ही मार्कची खास पद्धत आहे, दोन्ही एकत्रच वाचायच्या. दरम्यान वारलेल्या मुलीला उठवताना येशूचे अरामी, म्हणजे त्याच्या बोलीभाषेतले, शब्द मार्कने तसेच ठेवलेत, ‘तलीथा कूम’ (मुली, ऊठ). आणि लगेच, हिला काहीतरी खायला द्या. मला ही ओळ फार जवळची वाटते.

आता हाच प्रसंग मत्तय 9 आणि लूक 8 मध्ये शेजारी ठेवून पाहा. मत्तयात बाप येतो तेव्हा मुलगी आधीच वारलेली असते, अरामी शब्द नाहीत, खाण्याचा उल्लेखही नाही. घाईने मेळ घालू नका. कोणी काय गाळलं, ते वहीत लिहा. योहान शेवटी वाचा, त्याची चाल वेगळीच आहे.